अजून थोडं डावीकडे

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकते. अमावस्या नव्हती, लाइट गेली नव्हती, कुठे कुत्रं रडत नव्हतं. शुक्रवारची दुपार होती. सव्वातीन ते पावणेपाच. ऊन असं की गॅरेजच्या शटरला हात लावला तर चटका बसावा.

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी थोरली बहीण आहे, आणि ताई तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नाही. वर्षभर मूग गिळून बसली होती. मग एकेक तुकडा करून सांगितलं. मी फक्त तुकडे जोडलेत.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गाड्यांचे मिस्त्री. त्यातही एकच काम... जुन्या पिकअपचं सस्पेन्शन आणि स्टेअरिंग. इंजिनाला हात लावत नाहीत. "पोटाचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा. मी हाडांचा," असं म्हणतात. माल वाहून वाहून कंबर मोडलेल्या पिकअप लांबून त्यांच्याकडे येतात. कुणाचे स्प्रिंगचे पाटे बसलेले, कुणाचे रबरी बुश फाटलेले, तर कुणाचं स्टेअरिंग पाव फेरा नुसतंच गरगरतंय आणि चाकाला त्याचा पत्ताच नाही.

घर आणि गॅरेज एकच. पुढे शेड, मागे दोन खोल्या, मध्ये एक दार.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावरच आहे.

स्टेअरिंगची ढिलाई एकट्या माणसाला सापडत नाही. एकाने वर बसून स्टेअरिंग हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. झिजलेला सांधा बोटाखाली टचकन उडतो. पण त्या वेळी गाडीचं वजन चाकांवर हवं. जॅकवर उचलली की झिजलेला सांधाही साळसूदासारखा गप्प बसतो. म्हणून दाजी पुढची दोन चाकं दोन लाकडी ठोकळ्यांवर चढवायचे. ठोकळे वीतभर उंच. वर ग्रीस लावलेला पत्रा, म्हणजे चाक हलकं फिरावं.

ठोकळा चाकापेक्षा जेमतेम चार बोटं रुंद.

म्हणून स्टेअरिंग डावीकडे पाव फेरा, उजवीकडे पाव फेरा. बस. त्यापुढे गेलं की चाक पत्र्यावरून घसरणार आणि गाडी खाली बसणार. अडीअडचणीला म्हणून चॅसीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, दोन लोखंडी घोड्यांचे टेकू असायचे, चॅसीपासून बोटभर अंतर ठेवून. तरीपण.

खाली दाजी असायचे.

वर बसायचं काम ताईचं. कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर मध्येच आपोआप सुरू व्हायचा आणि कानठळ्या बसायच्या. म्हणून बोलणं नाही, ठोके. दाजी पान्याने खालून चॅसीवर ठोकायचे. एक ठोका, डावीकडे. दोन, उजवीकडे. तीन, थांब.

आणि एक नियम. दाजी खाली असताना गाडीतून उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या धक्क्याने गाडी ठोकळ्यावर हलते. आभाळ कोसळलं तरी बसून राहायचं.

ताई सहा वर्षं बसत होती. तिचं कॉलेजचं सर्टिफिकेट कपाटात आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर, असं दाजी चिडवायचे. ती म्हणायची, "तुमचा जीव माझ्या हातात असतो, जरा जपून बोला."

गमतीत म्हणायची.

त्या शुक्रवारी बेकरीवाला आला. पोट पुढे, माणूस मागे. तीन आठवड्यांपूर्वी त्याने अठरा वर्षं जुनी पांढरी पिकअप घेतली होती.

"मिस्त्री, ही माझ्या बायकोसारखी आहे. कुठेही निघालो तरी माहेराकडेच वळते."

"कुठल्या बाजूला ओढते ते सांगा," दाजी हसत म्हणाले.

"डावीकडे. टायर बदलले, अलाइनमेंट केलं. चार मिस्त्री झाले. सरळ रस्त्यावर हात सोडला की डावीकडे."

"बायकोला विचारा, माहेर डावीकडे का लागतंय," ताई आतून म्हणाली. "घरात सुख असतं तर सरळ चालली असती."

बेकरीवाला ढेरी हलवत हसला. पहाटे पाव पोचवायचे होते, संध्याकाळपर्यंत गाडी हवी होती. तो खुर्ची ओढून बसला.

ताईने लेकीला झोपवलं. दोन वर्षांची चिमी, झोपली की तासभर हलत नाही. दार नुसतं लोटून ती शेडमध्ये आली. गाडी ठोकळ्यांवर चढलेली होती.

ती सीटवर बसली आणि...

सीट बरोबर होती.

एरवी ड्रायव्हरची सीट मागे सरकवलेली असते. ताई बुटकी. प्रत्येक वेळी तिला पाठीमागे उशी घ्यावी लागायची. या गाडीची सीट मात्र पार पुढे होती. जणू तिच्याच मापाची.

"अहो, ही सीट एवढी पुढे कशी?"

"गंजून बसलीये," बेकरीवाला म्हणाला. "मागे जातच नाही. माझं पोट हॉर्नवर टेकतं. वळणावर मी नाही, पोट हॉर्न वाजवतं."

दाजी हसत खाली शिरले.

टक्... ताईने डावीकडे फिरवलं. टक् टक्... उजवीकडे. टक्... टक् टक्... नेहमीचंच. समोर भिंत, भिंतीवर टांगलेले पाने, वर पंख्याची घरघर.

मग बराच वेळ काही नाही.

मग टक्.

तिने डावीकडे फिरवलं.

टक्.

आधीच डावीकडे होतं. तरी पुन्हा एकच ठोका. तिने जरासं अजून फिरवलं.

टक्.

"कुणी सांगितलं तुला फिरवायला?"

आवाज खालून नव्हता... बाजूने होता.

दाजी मागच्या बाजूने कधीच बाहेर निघालेले. टेबलापाशी उभे होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पाना.

"तुम्हीच ठोकलंत ना?"

"मी इथे उभा आहे, अगं."

ताईने बेकरीवाल्याकडे बघितलं. तो फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने काही ऐकलं नव्हतं.

"शेजारच्या दुकानात डेंटिंगचं चाललं असेल. त्याचा हातोडा ऐकलास तू." दाजींनी वाकून चाकं बघितली, आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. "लक्ष दे. मी खाली असतो तर?"

चहा ठेवायला जाताना ताईने सहज शेजारच्या दुकानाकडे नजर टाकली.

शटर बंद होतं. बाहेरून कुलूप.

ती काही बोलली नाही. बोलायला हवं होतं, असं आता म्हणते.

दाजींनी डाव्या बाजूचा टाय रॉड एंड, म्हणजे चाकाजवळचा स्टेअरिंगचा सांधा, बदलला. खालचा बॉल जॉइंट ढिला होता, तोही नवीन टाकला. बुश बदलले. प्रत्येक नटाला नवीन पिन. मग गाडी ठोकळ्यांवरून उतरवून एक चक्कर मारून आले.

उतरले तेव्हा ते घामाने निथळत होते.

"ओढतेय?" बेकरीवाल्याने विचारलं.

"डावीकडे," दाजी म्हणाले. "काही राहिलंच नाहीये बदलायला. तरी डावीकडे."

गाडी परत ठोकळ्यांवर चढवली. तोवर ताईने चहा आणला. बेकरीवाला फुंकर घालत म्हणाला, "आधीचा मालकही तुमच्यासारखा मिस्त्रीच होता म्हणे. त्यालाही जमलं नाही बहुतेक."

"मग विकली का त्याने?" ताईने विचारलं.

"त्याने कुठली विकायला? तो गेला ना. याच गाडीखाली. ठोकळ्यावरून उतरली."

ताईने कपबशी खाली ठेवली.

"वर कोण बसलं होतं?"

"बायको," बेकरीवाला म्हणाला. मग ताईकडे बघितलं आणि त्याला कळलं, आपण काय बोलून बसलो. "मी जरा... फोन करून येतो, वहिनी." चहा अर्धा टाकून तो रस्त्यावर गेला.

शेडमध्ये दोघंच उरले.

"अहो, ही गाडी परत द्या."

"दहा मिनिटं. एकदाच बघतो."

"मला भीती वाटतेय."

"शिकलेली ना तू?"

"शिकलेल्यांना भीती वाटत नाही असं कुठल्या पुस्तकात आहे?" ताईचा आवाज चिरकला. "मघाशी शेजारचं दुकान बंद होतं. कुलूप होतं. मग ठोकलं कुणी?"

दाजींनी एकदा गाडीखाली वाकून बघितलं. घाबरट माणूस नाही तो. पण बघितलं.

"त्यालाच बसवा वर," ताई म्हणाली. "बेकरीवाल्याला."

"परक्या हाताखाली मी झोपत नाही. तू आहेस म्हणून झोपतो."



मग तिला एक सुचलं. आपल्याला फार अक्कल आहे असं त्या क्षणी तिला वाटलं. तेच आजही तिला खातं.

"मग ठोके नकोत. तोंडाने सांगा. तुमचा आवाज आला तरच मी हात लावीन. ठोके कितीही पडले तरी हलणार नाही. चालेल?"

"चालेल. तुझ्या मनासारखं."

दाजी खाली शिरले. ताई वर बसली. सीट बरोबर मापाची. पाठ टेकवावीशी वाटेना.

"डावीकडे गं." दाजींचा आवाज. दबका, पण त्यांचाच. तिने पाव फेरा फिरवलं.

"उजवीकडे." तिने फिरवलं.

"आता जरा थांब."

ती थांबली. जीव भांड्यात पडला. आवाज ओळखीचा, माणूस ओळखीचा, गाडी गाडीसारखी.

आणि कॉम्प्रेसर सुरू झाला.

धडधडधड. पत्रे थरथरायला लागले. ताईने दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ठेवलं. श्वास मोजत बसली.

"डावीकडे."

तिने पाव फेरा फिरवलं.

"अजून थोडं."

ती थबकली. पाव फेऱ्याच्या पुढे कधीच नाही. पण दाजी स्वतः सांगतायत. नवीन सांधा बघत असतील.

तिने बोटभर फिरवलं.

खालून ठोके आले. टक् टक् टक्.

आलं... परत आलं. ठोके ऐकायचे नाहीत. ठरलंय. फक्त आवाज.

"अजून थोडं डावीकडे."

शांत आवाज. घाई नाही. नवऱ्याचाच, अगदी पायाशी बसून बोलल्यासारखा.

टक् टक् टक्. टक् टक् टक्.

"अजून थोडं."

ती फिरवत होती. डोळे मिटून, देवाचं नाव घेत, ठोक्यांकडे दुर्लक्ष करत, नवऱ्याचं ऐकत ती फिरवत होती.

टक्टक्टक्टक्टक्...

आणि मग तिच्या लक्षात आलं.

कॉम्प्रेसर चालू आहे.

तो चालू असताना शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तर ठोके असतात. मग हा आवाज... इतका स्वच्छ... कसा येतोय?

तिने हात उचलायला हवे होते. तेवढंच करायचं होतं.

हात उचलले जाईनात.

बधिर झाले नव्हते. कुणी धरलेही नव्हते, असं ती शपथेवर सांगते. स्टेअरिंग फिरत होतं आणि हात त्याच्याबरोबर जात होते, दळताना जात्याच्या खुंट्यावर दोघींचे हात असावेत तसे. एक फिरवते, दुसरी नुसती साथ देते.

तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. कॉम्प्रेसरने तो आवाजही गिळला. उडी मारावी, तर उतरायचं नाही. उतरलं की गाडी हलते. बसून राहावं, तर चाक सरकतंय. तिला ते सीटखाली जाणवत होतं... ग्रीसवरून, एकेक बोट.

"बस," आवाज म्हणाला. "आता झालं."

गाडी डाव्या अंगाला खाली बसली.

कॉम्प्रेसर बंद पडला. शेडमध्ये इतकी शांतता झाली की मागच्या खोलीतला चिमीचा श्वास ऐकू यावा.

ठोके थांबले होते.

ताई तरीही उतरली नाही. नियमच तसा होता ना. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ती बसून राहिली. बेकरीवाला रस्त्यावरून धावत आला तेव्हा ती समोरच्या भिंतीला विचारत होती, "उतरू का? अहो... उतरू का?"

दाजी वाचले.

डावी घोडी तिरकी झाली, पण पडली नाही. गाडी त्यांच्या छातीच्या दोन बोटं वर थांबली. खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्यांना तडे गेले. बेकरीवाल्याने जॅक लावून त्यांना ओढून काढलं. त्याच्या हातून जॅक तीनदा सुटला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर दाजींनी पहिलं विचारलं, "थांबली का नाहीस?"

"तुम्हीच सांगत होतात... अजून थोडं म्हणून."

"मी?" दाजी म्हणाले. "कॉम्प्रेसर लागल्यावर मी कशाला ओरडू? ऐकू येणार होतं का तुला? मी ठोकत होतो, अगं. जीव तोडून ठोकत होतो. तीन. नुसते तीन. थांब म्हणून."

त्यावर ताई काय बोलली ते तिने मला सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही.

बेकरीवाला ती गाडी ओढून घेऊन गेला. हाडांच्या डॉक्टरचीच हाडं मोडायची पाळी आली, असं काहीतरी विनोदी बोलायला गेला आणि मध्येच रडला. वाईट माणूस नव्हता तो. ताईने त्याच्याकडून आधीच्या मालकाचा पत्ता घेतला.

दीड महिन्याने ती एकटीच तिकडे गेली. दुसऱ्या मजल्यावरची खोली. दार उघडलं ते गळ्यात टेप अडकवलेल्या, तिच्याच वयाच्या बाईने. मागे शिलाई मशीन, मशीनवर कुणाची तरी अर्धी शिवलेली पँट.

ती ताईसारखीच बुटकी होती.

"पिकअप ना?" ताईने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "वाटलंच होतं, कुणीतरी येईल. मी सांगितलं होतं हो, भंगारात द्या. दिरांनी विकून टाकली. माझं कोण ऐकतं?"

मग तिने ताईच्या गळ्याकडे बघितलं. मंगळसूत्राकडे.

"तुमचे...?"

"आहेत," ताई म्हणाली. "खांदा मोडला."

बाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. ताई दारातच उभी. तिनेच विचारलं, "तुम्हालाही आवाज आला होता?"

"अजून थोडं डावीकडे," बाई म्हणाली.

"कुणाचा होता?"

"कुणाचा म्हणजे? ह्यांचाच."

ताईची समजूत वेगळी होती. तिला वाटत होतं, गाडीत या बाईचा मेलेला नवरा आहे. पण या बाईने आवाज ऐकला तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. खाली पडून ठोकत होता.

"ती गाडी तुमच्याकडे कुठून आली?"

"एका मिस्त्रीकडून."

"तो आता कुठे असतो?"

बाईने नाही अशी मान हलवली फक्त.

ताई निघाली. जिन्यापर्यंत पोचली होती, तेव्हा ती बाई मागून आली आणि तिचं मनगट धरलं. घट्ट. शिवून शिवून खरखरीत झालेली बोटं.

"एक सांगा. तुम्ही काय केलंत?"

"म्हणजे?"

"काहीतरी केलं असेल ना. आमच्याकडेही घोड्या लावल्या होत्या. मीही देवाचं नाव घेतलं होतं. तुमचे वाचले. तुम्ही काय वेगळं केलंत?"

ताईला काही सुचलं असतं तर तिने खोटंसुद्धा सांगितलं असतं.

"मी फिरवत होते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत फिरवतच होते."

बाईने मनगट सोडलं.

ती गाडी आता कुठे आहे, माहीत नाही. बेकरीवाल्याने ती जुन्या गाड्या विकणाऱ्या दलालाकडे परत केली, एवढंच कळलं. पांढरी आहे. रंग बदलला असेल तर तेही सांगता येत नाही. अशा जुन्या पिकअप रस्त्यावर शेकड्याने असतात. आणि डावीकडे ओढते अशी तक्रार तर रोज कुणाची ना कुणाची असते.

दाजींनी काम परत सुरू केलंय. पोट भरायला दुसरं काय करणार? ताई आता वर बसत नाही. दाजी गाडीखाली फोनचा कॅमेरा चालू ठेवतात, वर बसून स्वतःच स्टेअरिंग हलवतात आणि मग त्यात बघून एकटेच कसंबसं करतात. ती मधल्या दारात उभी राहते. आत जात नाही, बाहेर येत नाही.

मागच्या आठवड्यात मी माझ्या बाळाला घेऊन तिच्याकडे राहायला गेले होते. सकाळी शेडमधून दाजींची हाक आली, "चिमे, पाणी आण गं."

चिमी समोरच खेळत होती. तिने हातातली बाहुली ठेवली, पण उठली नाही. ओसुद्धा दिली नाही.

तिने आईकडे बघितलं.

ताईने ओठांवर बोट ठेवलं, हात पुसले, आणि हाक नक्की कुणाची आहे ते बघायला दाराकडे गेली.